निवांतचा अंतिम सामना

माझ्या आतेबहिणीला घरात सगळे निवांत म्हणतात. हे नाव तिला तिच्या आईने, म्हणजे माझ्या आत्याने दिलं, आणि ते काही लाडाने दिलेलं नाही. लहानपणी ती बुटाची नाडी बांधायला बसली की बाकीची भावंडं शाळेत पोचून हजेरी देऊन मोकळी झालेली असायची. वाढदिवसाला मेणबत्ती विझवायला सांगितलं, तर ती आधी तिच्याकडे बघत बसायची आणि मेणबत्ती आपली आपणच संपायची.

पुढे तिने वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करायचं ठरवलं. जगात संशोधनाला इतके विषय पडलेले असताना तिने दगडफूल निवडलं. हे दगडफूल दगडावर किंवा जुन्या भिंतीवर उगवतं आणि वर्षाला नखाच्या जाडीएवढंही वाढत नाही. ते किती वाढलं हे मोजायचं, हे तिचं काम. आत्या म्हणाली, "छान. दोघांचं जमेल."

तिचे गाईड दर भेटीत "कुठवर आलंय?" असं विचारायचे आणि ती "चाललंय" असं म्हणायची. तिच्याबरोबर नाव नोंदवलेले विद्यार्थी डॉक्टर झाले, लग्न करून मोकळे झाले, त्यातले एकदोघे तर घटस्फोट घेऊनही मोकळे झाले. निवांत अजून तिसऱ्या प्रकरणात होती. नातेवाईकांत तिच्यासाठी सल्ल्यांची काही कमतरता नव्हती. तिच्या एका काकांना स्वतःला पदवी मिळवायला चार वेळा परीक्षेला बसावं लागलं होतं, ते तिला वेळेचं महत्त्व सांगायचे.

आम्ही दोघी विद्यापीठाजवळ एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. मी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात कारकून होते. आमचे संचालक तरुणपणी गोळाफेक करायचे. ज्यात घाम येत नाही तो खेळच नाही, अशी त्यांची ठाम श्रद्धा. बुद्धिबळाला ते 'बसायचं काम' म्हणायचे. पण वरून आदेश होता म्हणून दरवर्षी बुद्धिबळाची स्पर्धा व्हायची, आणि त्यात महिला गटही असायचा. त्या वर्षी महिला गटात तीनच नावं आली. चौथं नाव नसेल तर गट रद्द, असा नियम. संचालकांच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली, तेव्हा मी चौथं नाव निवांतचं टाकलं.

निवांतला बुद्धिबळ येत होतं. ते तिने तिच्या वडिलांकडून उचललं होतं. ते टपालाने खेळायचे. दुसऱ्या गावातल्या एका मित्राला कार्डावर एक चाल लिहून पाठवायची, मग त्याच्या उत्तराची वाट बघायची, मधल्या काळात पट कपाटावर ठेवून द्यायचा. निवांतला बरीच वर्षं वाटत होतं की बुद्धिबळाचा एक डाव दोनतीन वर्षं चालतो. शेजारी दोन बटणांचं घड्याळ ठेवून तो एका बैठकीत संपवतात, हे मी सांगितल्यावर ती म्हणाली, "असं का करतात?"

उपांत्य फेरीत तिच्यासमोर कायद्याची एक विद्यार्थिनी होती. ती जिंकत आली होती. पण निवांत एकेका चालीला इतका विचार करत होती की त्या मुलीने मधल्या वेळात सगळ्या मैत्रिणींना निरोप पाठवले, नखं कुरतडली, शेवटी घाईघाईने काहीतरी करायचं म्हणून वजीर पुढे ढकलला आणि तो गमावला. तिने डाव सोडला, तो सुटकेचा निःश्वास टाकूनच. अशा रीतीने निवांत अंतिम फेरीत पोचली. संचालक मला म्हणाले, "तुमच्या बहिणीला जरा लवकर हरायला सांगा. मागून बक्षीस समारंभ आहे."

लवकर हरेल असं त्यांना वाटणं साहजिकच होतं. समोर चॅम्पियन होती. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, उंच, वेणी घट्ट बांधलेली, चालायची ती जमिनीकडे बघत. त्याआधी विद्यापीठाबाहेरही तिने बऱ्याच स्पर्धा मारल्या होत्या. आणि तिचे वडील तिच्याबरोबर असायचे. हे गृहस्थ पाण्याचे पंप विकायचे. मुलगी आठनऊ वर्षांची असताना त्यांनी कुठूनतरी बुद्धिबळाचं पुस्तक आणलं, ते निम्मं वाचलं आणि तेव्हापासून ते कोच झाले. पाठीवर 'कोच' असं छापलेला टीशर्ट त्यांनी स्वतःच शिवून घेतला होता. बोलताना ते नेहमी 'आम्ही' म्हणायचे. "आम्ही उद्या आक्रमक खेळणार." "आम्हाला काल झोप लागली नाही." एकदा मला म्हणाले, "आमचं पोट जरा बिघडलंय," तेव्हा नेमकं कुणाला गोळी द्यायची ते मला कळेना.

अंतिम सामन्याच्या दिवशी पुरुषांचा सामना सभागृहात, मंचावर होता. तिथे मोठा पडदा होता, प्रत्येक चाल त्यावर दिसत होती आणि एक प्राध्यापक माइकवरून तिचा अर्थ सांगत होते. महिलांचा सामना टेबल टेनिसच्या खोलीत होता. दोन टेबलांपैकी एक आमच्यासाठी घडी करून भिंतीला लावलं होतं. दुसऱ्यावर सराव चालू होता. त्यांचीही स्पर्धा जवळ आली होती, त्यांना कोण अडवणार? पटाच्या बाजूला सतत टक टक, टक टक, आणि अधूनमधून कुणीतरी येऊन निवांतच्या खुर्चीखालून चेंडू काढून न्यायचं.

पंच म्हणून भूगोलाचे प्राध्यापक होते. त्यांना बुद्धिबळाचे नियम साधारण ठाऊक होते. पटाचा एक काळा उंट गेल्या वर्षीच हरवला होता, म्हणून मी त्याच्या जागी गोंदाच्या बाटलीचं लाल झाकण ठेवलं. पंचांनी ते उचलून बघितलं आणि म्हणाले, "हा उंट आहे, हे दोघींना मान्य आहे ना?" दोघींनी मान डोलावली. काळी मोहरी निवांतकडे आली. पांढरी चॅम्पियनकडे.

कोच दारालगतच्या बाकावर बसले. प्रेक्षक म्हणजे ते, मी आणि पाणी भरून ठेवायला आलेली एक बाई. ती बराच वेळ बघून म्हणाली, "सुरू कधी होणार?" तेव्हा सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

सुरुवातीला चॅम्पियन भराभर खेळली. निवांत खेळली ती निवांतसारखीच. राजाला कोपऱ्यात सुरक्षित बसवलं, प्यादी एकमेकांना चिकटून उभी केली, आणि मग तिने हनुवटी हातावर टेकली. तिच्या बाजूचं घड्याळ पळत होतं. मी मनातल्या मनात तिच्या वतीने चाली करून टाकत होते.

मग कोचना खोकला आला. साधाच खोकला, एकदा. चॅम्पियनने उचललेला हात मागे घेतला आणि वेगळी चाल केली. मला काही विशेष वाटलं नाही. थोड्या वेळाने दोनदा खोकला आला आणि चॅम्पियनने निवांतचा घोडा मारला. पुन्हा एकदा खोकला, पुन्हा हात मागे. निवांत पटाकडे बघत होती असं मला वाटत होतं. ती दाराकडे बघत होती. दगडावरचा डाग वाढलाय की नाही हे महिनोन्‌महिने बघणाऱ्या बाईच्या नजरेतून खोकला काय सुटणार होता! एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे मार. तिने हात वर करून पंचांना बोलावलं.

"सर, ते खोकले की ही खेळते."

पंचांनी कोचकडे बघितलं. कोचनी छातीवर हात ठेवून धुळीची तक्रार केली.

"वडील आहेत," पंच हळूच निवांतला म्हणाले. "त्यांना काळजी असते. आणि खोकल्यावर बंदी आहे असं नियमात कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही."

एवढं बोलून ते गेले आणि त्यांनी कोचना कोमट पाणी व खडीसाखरेचा तुकडा दिला. घशाला आराम पडल्यामुळे पुढचे खोकले जास्त स्पष्ट आले.

निवांत हळूहळू मागे रेटली जात होती. घोडा गेला, बदल्यात तिने एक उंट मिळवला, पण तिच्या राजासमोर पांढऱ्या मोहऱ्यांची गर्दी जमली होती. तेवढ्यात संचालक आत आले. प्रमुख पाहुणे वेळेआधी पोचले होते आणि त्यांना सगळ्या सामन्यांना भेट द्यायची होती. घड्याळ थांबवा, फोटो आहे, असा हुकूम झाला. पंचांनी घड्याळ थांबवलं. दोघींना उठवून पटामागे उभं केलं. मला त्यांच्या मागे विद्यापीठाचा फलक धरून उभं राहावं लागलं, म्हणून पुढचं बोलणं मला ऐकू आलं.

पाहुण्यांनी दोघींशी हस्तांदोलन केलं आणि पटाकडे बघून विचारलं, "काय, कॅरम जोरात चाललाय?" संचालक हसले. फोटोवाला एकाच्या मागून एक फोटो काढत होता.

"तुझ्या वडिलांना खोकला फार आहे," निवांत कॅमेऱ्याकडे हसून बघत म्हणाली.

चॅम्पियनही हसऱ्या चेहऱ्यानेच म्हणाली, "घरी नसतो."

"तुला हवा असतो का?"

"मला कुणी विचारलेलंच नाही." फोटोवाल्याने दोघींना जवळ सरकायला सांगितलं. त्या सरकल्या. "लहानपणापासून आहे. आता मी ऐकायचं नाही म्हटलं तरी हात ऐकतो. मी जिंकले की मला कळतच नाही, मीच जिंकले का ते."

निवांतने यावर विचार केला. तोपर्यंत फोटो संपले, पाहुणे निघाले, संचालक मला फलक गुंडाळायला सांगून गेले. चॅम्पियन आपल्या खुर्चीकडे वळली तेव्हा कुठे निवांतचं उत्तर तयार झालं.

"मला तुझ्याशी खेळायला आवडेल," ती म्हणाली. "त्यांच्याशी नंतर कधीतरी खेळेन."

चॅम्पियनने खुर्ची सारली आणि ती बसली. पंचांनी घड्याळ सुरू केलं.

खेळी चॅम्पियनची होती. कोचनी दोनदा खोकून घेतलं. मला बुद्धिबळातलं फार कळत नाही, पण काय मारायचं ते मलाही दिसत होतं. निवांतचा उरलेला घोडा हत्तीच्या समोर उघडा पडला होता. तो घेतला की झालं, मग हळूहळू, सावकाश, धोका न पत्करता डाव खिशात. चॅम्पियनने हात उचलला नाही. कोच पुन्हा दोनदा खोकले. पंचांनी पाण्याचा पेला पुढे केला. टेबल टेनिसवाले क्षणभर थांबून बघायला लागले, कारण तिसऱ्यांदा खोकला आला तो एखादा पंप बिघडल्यासारखा होता.

चॅम्पियनने मान वळवून वडिलांकडे बघितलं. अगदी नीट बघितलं. मग तिने उंट उचलला आणि तो निवांतच्या राजासमोरच्या प्याद्यावर नेऊन ठेवला. प्यादं घेतलं, शह दिला, आणि उंट राजाच्या तोंडाशी फुकट देऊन टाकला.

कोचचा पुढचा खोकला अर्ध्यावर गिळला गेला.

निवांतच्या घड्याळात फारच थोडा वेळ उरला होता. उंट घेतला तर राजा उघड्यावर. न घेऊन चालणार नव्हतं. तिने घेतला. चॅम्पियनने वजिराने शह दिला. तिचे गाल लाल झाले होते, आणि त्या संपूर्ण स्पर्धेत मी पहिल्यांदाच तिला ताठ बसलेलं बघितलं. आता निवांतने मागे कोपऱ्यात पळायचं, हे कुणीही सांगितलं असतं. तिचा हात उठला. मी डोळे मिटून घेतले, कारण हा हात पटापर्यंत पोचेस्तोवर वेळ संपणार हे मला लहानपणापासूनच्या अनुभवाने माहीत होतं.

बटणाचा आवाज आला. डोळे उघडले तर राजा पुढे आला होता. पुढे, आपल्या सगळ्या मोहऱ्या मागे टाकून, पटाच्या मधोमध. पुन्हा शह. राजा आणखी एक घर पुढे. पुन्हा शह. निवांत भराभर खेळत होती, टक टक, टेबल टेनिसच्या तालावर. बाजूला लाल झाकणाने राजाची वाट अडवणारा हत्ती रोखून धरला होता. एकदाच चॅम्पियन थांबली. तिने घोडा उचलावा की वजीर, असं करत दोन्हींवर बोट फिरवलं आणि वजीर उचलला. त्यानंतर दोन शह झाले आणि मग शह द्यायला काही उरलंच नाही. तिने बराच वेळ पटाकडे बघितलं. मग घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला.

निवांतने तो धरला. खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण काय झालं ते पंचांनाही लगेच कळलं नाही.

कळलं ते कोचना. ते बाकावरून उठून पटापाशी आले. "दोनदा," ते म्हणाले. "दोनदा खोकलो मी. तीन वेळा दोनदा. हत्तीने घोडा मारायचा होता, आंधळ्याला दिसलं असतं."

पंचांनी चष्मा वर केला. पाणी भरणारी बाई निवांतकडे आणि मग पंचांकडे बघायला लागली. आपण काय बोलून गेलो हे कोचच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. त्यांनी पुन्हा एकदा खोकून बघितलं, पण आता त्याला फारसा अर्थ उरला नव्हता.

"ऐकू आलं होतं, पप्पा," चॅम्पियन म्हणाली. "म्हणूनच दुसरी खेळले."

"हरलीस."

"हो. मी हरले." हे तिने असं सांगितलं, जणू कुणीतरी विचारलं होतं की हे नवीन बूट कुणाचे.

पंचांपुढे मोठाच पेच उभा राहिला. बाहेरून मदत घेतल्याबद्दल खेळाडूला बाद करता आलं असतं, पण खेळाडू आधीच हरली होती आणि ऐन मोक्याच्या चालीला मदत तिने घेतलेलीही नव्हती. त्यांनी थोडा विचार करून जाहीर केलं की प्रेक्षकांनी पुढच्या वर्षी घशाची काळजी घेऊन यावं. मग ते सभागृहात पुरुषांचा सामना बघायला गेले. तिथे बरोबरी झाली होती आणि दोन्ही विजेत्यांना उचलून घेऊन लोक नाचत होते.

संचालकांना निकाल सांगायला मीच गेले. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी वेळ वाचावा म्हणून चषकावर चॅम्पियनचं नाव आधीच कोरून घेतलं होतं. शेवटी त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून वर पेनाने निवांतचं नाव लिहिलं. समारंभात पाहुणे तिला म्हणाले, "वा, तुम्ही कॅरमही खेळता आणि बुद्धिबळही." निवांत उत्तर देईपर्यंत पुढच्याला बोलावलं गेलं.

पण समारंभाला आम्ही उशिरा पोचलो, कारण त्या दोघी उठेचनात. कोच पाय आपटत निघून गेले होते. जाताना मुलीला म्हणाले, "आम्ही घरी जातोय," आणि पहिल्यांदाच त्या 'आम्ही'मध्ये ते एकटेच होते. या दोघींनी मोहरी पुन्हा मांडली आणि उंट दिल्यापासूनचा डाव मागेपुढे करत बसल्या. बऱ्याच वेळाने निवांत म्हणाली, "इथे घोडा."

चॅम्पियनने बघितलं. वजिराऐवजी घोडा उचलला असता तर निवांतचा राजा तीन चालींत अडकला असता.

"म्हणजे माझी चाल बरोबर होती?"

"उंटाची बरोबर होती. नंतरची चुकली."

"पण दोन्ही माझ्याच होत्या," चॅम्पियन म्हणाली आणि हसायला लागली. त्या दिवसाचं माझ्या डोळ्यासमोर राहिलेलं चित्र चषकाचं नाही, या मुलीचं आहे. इतक्या आनंदाने हरलेलं माणूस आमच्या विभागाने त्याआधी बघितलं नव्हतं आणि त्याच्यासाठी कुठलं बक्षीसही ठेवलेलं नव्हतं.

ती वर्षभर कुठल्याच स्पर्धेत उतरली नाही. कोचनी बरंच समजावलं, मग अबोला धरला, मग टीशर्ट गाडी पुसायला काढला. नंतर ती परत खेळायला लागली, एकटी जायची, एकटी यायची. कधी जिंकायची, कधी हरायची, पूर्वीपेक्षा थोडी जास्तच हरायची.

निवांत विजेती म्हणून आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेली. तिथे ती जवळजवळ सगळे डाव हरली, त्यातले निम्मे घड्याळामुळे. नातेवाईकांनी विचारलं, "मग काय फायदा झाला?" काकांनी तिला वेळेचं महत्त्व पुन्हा सांगितलं. तिचा प्रबंध पुढे दोन वर्षांनी पूर्ण झाला. गाईड इतके खूश झाले की त्यांनी तो न वाचताच सही केली, असं ते स्वतःच सांगतात. लग्न तिने केलं नाही. विचार चालू आहे, असं ती म्हणते, आणि तिच्या बाबतीत हे खरंही असू शकतं.

त्या वर्षापासून चॅम्पियन रविवारी आमच्या खोलीवर यायला लागली. मध्ये पट, बाजूला चहा थंड होत असलेला, आणि घड्याळ नाही. दुपारभर दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीत. मला सुट्टीच्या दिवशी पाय पसरायलाही जागा राहत नाही, पण मला कुणी विचारलेलं नाही.

पहिल्यांदा चॅम्पियनने तिला हरवलं तो रविवार मला चांगला आठवतो. निवांतने तिचं अभिनंदन केलं, तिला दारापर्यंत सोडून आली, पायऱ्या जपून उतर म्हणाली. मग जेवताना ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोष काय, तर म्हणे मी मधेच भांडं आपटलं.